बटणं दाबणारा बालाजी

गेली चार वर्षं लातूरच्या बसस्थानकावर पाऊल टाकलं की माझे कान आधी भोंग्याकडं जायचे. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, माहेर नांदेडला. त्यामुळं महिन्यातला एखादा शनिवार या प्रवासाचा ठरलेला. आणि प्रवासाची सुरुवात व्हायची ती बालाजीच्या आवाजानं. "नांदेड गाडी फलाट सहावर लागलेली हाय. अहमदपूर, लोहा मार्गे. म्हातारी माणसं आधी चढू द्या मंडळी, गाडी कुठं पळून चालली न्हाई." फलाटावरची माणसं हसायची, आणि खरोखरच दोन पावलं मागं सरकायची. मी बाकावर बसून ते ऐकायची आणि मनातल्या मनात म्हणायची, हा माझा मित्र आहे बरं का.

मागच्या महिन्यातल्या त्या शनिवारी भोंग्यातून आवाज आला तो दुसराच. "लातूर-नांदेड, फलाट क्रमांक सहा." बस्स, एवढंच. मला वाटलं, सुट्टीवर असेल. गाडी सुटायला वेळ होता म्हणून चौकशीच्या खिडकीशी गेले आणि आत बसलेल्या गृहस्थांना विचारलं, "बालाजी टेकाळे नाहीत का आज?"

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"मैत्रीण. कॉलेजातली."

ते गृहस्थ उठून उभे राहिले. उभे राहिले तेव्हाच मला कळायला हवं होतं... "टेकाळे गेले, मॅडम. अकरा दिवस झाले. सुट्टीवर गावाकडं गेले होते. सकाळी छातीत कळ आली, लोह्याच्या दवाखान्यापर्यंत नेईस्तोवर सगळं संपलं." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खिडकीतून पाण्याचा ग्लास पुढं केला. छत्तीस वर्षांचा माणूस. मी ग्लास हातात धरून उभी राहिले आणि माझी गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली.

पुढच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. तिकीट नांदेडचंच काढलं, पण उतरायचं लोह्याला, हे मनात पक्कं झालं होतं. त्याचं गाव तिथून आत सहा किलोमीटर. मी कधी गेले नव्हते. इतक्या वर्षांत तो कितीदा म्हणाला असेल, "येकदा ये की गावाकडं, आई लई बोलवून राहिली." आणि मी दर वेळी "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणायची.

बालाजी टेकाळे मला पहिल्यांदा दिसला तो काचेपलीकडं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. नांदेडच्या आमच्या कॉलेजनं तेव्हा नुकतंच छोटं रेडिओ केंद्र सुरू केलं होतं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेशेजारची एक खोली, भिंतींना आतून जाड सतरंज्या ठोकलेल्या, मधोमध काचेची भिंत. काचेच्या एका बाजूला माईक, दुसऱ्या बाजूला संगणक आणि गाणी वर-खाली करायची बटणं. मराठीच्या रत्नपारखी मॅडम केंद्र सांभाळायच्या. दुपारी चार ते पाच या वेळेत विद्यार्थ्यांनी सादर करायचा गाण्यांचा कार्यक्रम त्यांनी ठरवला, त्याचं नाव 'गाण्याची दुपार', आणि निवेदिका म्हणून मला निवडलं. मी वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली मिळवणारी मुलगी. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून, मूळचे भोकरकडच्या खेड्यातले. पण घरात त्यांनी कधी खेड्यातलं बोलणं येऊ दिलं नव्हतं. लहानपणी मी चुकून 'व्हतं' म्हणाले तर तो शब्द दहा वेळा नीट म्हणवून घ्यायचे. त्यामुळं माझे उच्चार असे की मॅडम वर्गात मला उभं करून धडा वाचायला लावायच्या.

आणि काचेपलीकडं बसायचा बालाजी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, माझ्याच वयाचा. यंत्रांची जाण होती म्हणून मॅडमनी त्याला तिथं बसवलेलं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांना तेल. मी बोलायला लागायच्या आधी तो काचेतून बोट वर करायचा आणि खाली आणायचा, म्हणजे बोल. पहिले दोन महिने आमच्यात त्या बोटापलीकडं फारसं बोलणं झालं नाही. खरं सांगायचं तर मला त्याच्याशी बोलण्यासारखं काही आहे असं वाटतच नव्हतं.

एका दुपारी मला उशीर झाला. परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती, रांग संपता संपेना. चार वाजून गेले तेव्हा मी पळत सुटले. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं, तिथं रेडिओ चालू असायचा. मी फाटकाशी पोचले आणि दुकानातून आवाज आला, "...तर ताई अजून आल्या न्हाईत. त्या येईस्तोवर मी बोलून राहिलो. माझं नाव बालाजी. मी इथं बटणं दाबतो."

मी जागच्या जागी थांबले.

"आता जे गाणं लावून राहिलो ना, त्याचा संगीतकार कोन, कोनत्या रागातलं हाय, ते ताई सांगत्याल. मला न्हाई माहीत. मला एवढंच माहीत हाय की हे गाणं मी पहिल्यांदा मळणीयंत्रावर ऐकलं. ड्रायव्हरनं टेप लावला व्हता, पन यंत्राच्या आवाजात काय बी ऐकू येईना. मग दुपारी यंत्र बंद केलं जेवायला, आन् येकदम गाणं ऐकू आलं. भाकर हातातच राहिली बगा माझी." आणि गाणं सुरू झालं.

झेरॉक्सवाला हसत होता. दुकानात उभ्या दोन मुलीही हसत होत्या, पण ते हसणं टिंगलीचं नव्हतं. गाणं त्यांनी कान देऊन ऐकलं. त्याआधी मी लावलेलं एकही गाणं तिथं कुणी असं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी आत गेले नाही. का गेले नाही, ते आजही नीट सांगता येणार नाही. तशीच घरी आले. संध्याकाळी वडील ऑफिसातून आले ते आल्या आल्या म्हणाले, "आज कोण होता ग तो तुमच्या रेडिओवर? आमच्या ऑफिसात सगळ्यांनी काम थांबवून ऐकलं. भाकर हातात राहिली म्हणाला..." आणि ते इतके मोकळे हसले, की मी त्यांना तसं हसताना फार कमी वेळा पाहिलं होतं. मग थोडं थांबून म्हणाले, "लई दिवसांनी आमच्या गावचं बोलणं ऐकलं." 'लई' म्हणाले. माझे वडील!

त्या एका शब्दानं मला काय झालं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज लिहिते. ज्या बोलण्यासाठी मला दहा-दहा वेळा शब्द घोटायला लावले, त्याच बोलण्यावर वडील खूश झाले होते, आणि माझ्या दोन महिन्यांच्या निवेदनाबद्दल 'बरं असतं' यापलीकडं एक शब्द बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना अर्ज दिला. कार्यक्रमाचा दर्जा खालावतो, अशुद्ध भाषेचा विद्यार्थ्यांवर परिणाम होतो, यंत्रावरच्या माणसानं माईक घेणं शिस्तीला धरून नाही... सगळं सुवाच्य अक्षरात, खाली नाव आणि सही. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढून ठेवला, आणि "बघते" म्हणाल्या. त्यानंतर बालाजीला माईकपाशी जायची मनाई झाली.

पुढचे जवळजवळ तीन महिने तो काचेपलीकडं बसून माझ्यासाठी गाणी लावत राहिला. त्याच्या वागण्यात तिळाएवढाही फरक पडला नाही. बोट वर, बोट खाली. मला एकदा खोकल्याची उबळ आली, तर माझं वाक्य अर्धं तुटायच्या आत त्यानं गाणं सुरू केलं आणि बाहेर येऊन पाण्याची बाटली ठेवून गेला. मी निवेदन करत होते, संगीतकारांची नावं सांगत होते, राग सांगत होते, आणि फोनवर येणारे श्रोते एकच गोष्ट विचारत होते, "ते बटणंवाले कुठं गेले?" जुन्या नांदेडात बांगड्यांचं दुकान असलेल्या एक बाई दर गुरुवारी फोन करायच्या. त्यांना मी गाण्याची फर्माईश विचारली की म्हणायच्या, "कोणतंबी लावा. पण आधी त्या पोराला बोलू द्या." मी "ते सध्या अभ्यासात आहेत" असं सांगायची. काचेपलीकडं त्याला हे सगळं ऐकू जायचं.

शेवटी मॅडमच एका दुपारी खोलीत आल्या. "उद्यापासून तुम्ही दोघं मिळून करायचं," म्हणाल्या. "वैशाली, तू गाण्याची माहिती सांग. बालाजी, तू तुझं सांग." एवढं बोलून निघून गेल्या.

त्यानंतरचं दीड वर्ष हा माझ्या कॉलेजच्या दिवसांतला सगळ्यात आनंदाचा काळ. मी रागाचं नाव सांगायची, तो ते गाणं त्यानं पहिल्यांदा कुठं ऐकलं ते सांगायचा. चुलत्याच्या ट्रॅक्टरवर, लोह्याच्या बाजारात बँडवाल्यांच्या तालमीत, भोकरला आत्याच्या लग्नात मांडवाच्या खांबाला टांगलेल्या कर्ण्यातून. एकदा मी ओघात त्याला माईकवरच टोकलं, "पानी नाही, पाणी." तर तो लगेच म्हणाला, "वैशालीताई म्हणतात पाणी. बरोबर हाय त्यांचं. पन आमच्या विहिरीत पानीच हाय, अन् ते बी मार्चपर्यंतच." मी हसू आवरू शकले नाही, ते हसूही तसंच हवेवर गेलं. बांगड्यावाल्या बाईंचा लगेच फोन आला, "पोरगी हसतीबी का?"

तो बोलायचा त्याच्या कितीतरी पट ऐकायचा. हे मला हळूहळू कळलं. फोनवर कुणी बोलत असलं की तो मान खाली घालून, डोळे बंद करून ऐकायचा. एका आजोबांना फर्माईश सांगायच्या आधी आपल्या मुलाबद्दल सांगायचं असायचं, दर वेळी तेच. मी घड्याळाकडं बघायची. बालाजी म्हणायचा, "गाणं काय, उद्या बी लागंल. ते आज बोलून राहिले ना." शेवटच्या दिवशी मला निरोपाचं भाषण करायचं होतं, पानभर लिहून आणलं होतं. तो म्हणाला, "कशाला? आपण काय मरून राहिलो का?" आणि माईकवर फक्त इतकंच म्हणाला, "उद्यापासून दुसरे येतील. नवीन हायेत, घाबरत्याल. त्यांना बी ऐकत जा."

नंतर सगळ्यांचं होतं तसंच झालं. मी एम.ए., बी.एड. करून लातूरला लागले, लग्न झालं. त्याचा नंबर बदलला, माझाही बदलला. आणि एका शनिवारी लातूरच्या बसस्थानकावर भोंग्यातून ऐकू आलं, "गाडी कुठं पळून चालली न्हाई." मी बॅग तिथंच टाकून खिडकीकडं धावले.

कँटीनमध्ये चहा घेताना त्यानं मधली वर्षं सांगितली. पदवीनंतर मोठ्या शहरात एका खासगी रेडिओच्या मुलाखतीला जाऊन आला होता. "आवाज लई आवडला म्हणे त्यांना. भाषेवर काम करा म्हणाले, मग या." तो पुन्हा गेला नाही. एसटीत कंडक्टर म्हणून लागला, लोहा-नांदेड, लोहा-लातूर केलं. मग पाठीचं दुखणं जडलं, डॉक्टरांनी उभं राहायचं काम बंद करायला सांगितलं, म्हणून हलकं काम म्हणून इथं माईकपाशी. लग्न झालं होतं, एक मुलगी, आई गावाकडं. हे सगळं तो हसत सांगत होता, आणि मी मात्र 'भाषेवर काम करा' यापाशीच अडकले होते. माझा चहा गार होऊन गेला. मी म्हणाले, "बालाजी, तुला एक सांगायचंय. तुझा माईक बंद झाला होता ना तेव्हा..."

"माहीत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुझा अर्ज. मॅडमनं मला वाचाया देला व्हता. खालचं नाव हातानं झाकलं त्यांनी. पन फर्माइशीच्या चिठ्ठ्या रोज तूच लिहायचीस ना? तुझं अक्षर मला माहीत न्हाई का?"

"मग तू बोलला का नाहीस मला?"

"काय बोलणार? रागावलो व्हतो की. दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाई." त्यानं बशीत चहा ओतला. "मंग वाटलं, भांडलो तर ही बी सोडंल अन् मी बी सोडंल. कार्यक्रम बंद पडंल. बटणं दाबायला मिळून राहिली तेवढी तरी कामून घालवू?" मग माझा चेहरा बघून म्हणाला, "अगं, आता बघ. रोज शंभर गाड्या बोलतो. कुणी अर्ज करत न्हाई." तो हसला. मीही हसले. माफी मागायची राहूनच गेली. त्यानं मागूच दिली नाही, असं मी नंतर स्वतःला समजावत आले... पण खरं म्हणजे मीच मागितली नाही.

लोह्याला उतरून ऑटोनं गावात पोचले तेव्हा दुपार झाली होती. घर साधं, पुढं पत्र्याचं छप्पर. त्याची बायको सुनीता दारातच होती. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "वैशालीताई ना? रेडिओच्या?" आणि मला आत नेऊन आईंपाशी बसवलं. मावशी, म्हणजे त्याच्या आई, भिंतीला टेकून बसल्या होत्या, लहानखुऱ्या, हातावर गोंदलेलं. त्यांना कमी ऐकू येतं. सुनीतावहिनींनी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं. मावशींनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाल्या, "एक इचारू का ताई? मोबाईलमध्ये त्यांचे फोटो लई हायेत. पण आवाज कुठंच न्हाई. बोलायचे ते फोनवर, नाहीतर टाइप करायचे. आई सारख्या म्हणून राहिल्या, त्याचं बोलणं ऐकवा. कुठून ऐकवू?" मग जरा दबकत म्हणाल्या, "तुमच्या रेडिओचं काही असंल का?"

आणि मावशी म्हणाल्या, "लोकं सांगायची, तुमचा बालाजी रेडिओवर बोलून राहिला म्हणून. आमच्याकडं कुठं लागायचं ते. म्या येकदाबी ऐकलं न्हाई, माय."

आमच्या केंद्राचा आवाज नांदेड शहराच्या बाहेर फारसा जातच नसे. सगळं नांदेड ऐकत होतं, तेव्हा त्याच्या आईच्या रेडिओवर फक्त खरखर येत असणार, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. "बघते मावशी," मी म्हणाले. "असेल तर घेऊन येते."

रविवार नांदेडला माहेरी काढला, सोमवारी रजा टाकून कॉलेजात गेले. केंद्र अजून चालू आहे, आता सगळं नवं आहे, भिंतींना चांगलं आच्छादन, दोन माईक. तिथल्या मुलीनं मन लावून शोधलं, पण जुना संगणक केव्हाच भंगारात गेला होता आणि त्याबरोबर आमच्या सगळ्या दुपारीही. मी रत्नपारखी मॅडमच्या घरी गेले. त्या निवृत्त झाल्या, एकट्या राहतात. बालाजीचं कळल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग उठून लोखंडी कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"बाकी काही उरलं नाही, वैशाली. हे एवढंच."

फाइलीत माझा अर्ज होता. आणि अर्जाला टाचलेल्या पाकिटात एक सीडी. पुरावा म्हणून त्या दिवसाच्या कार्यक्रमाची सीडी काढून मीच जोडली होती, हे मी साफ विसरले होते. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अशुद्ध निवेदनाचा नमुना'.

"मी तेव्हा चुकले," मॅडम म्हणाल्या. "तुझं ऐकायच्या आधी ही सीडी ऐकायला हवी होती. नंतर ऐकली, तेव्हा त्याला परत बसवलं. मग टाकवली नाही."

"चूक माझी होती, मॅडम."

"हो," त्या म्हणाल्या. "तुझीही होती."

स्टेशन रस्त्यावरच्या एका दुकानात सीडीवरचं सगळं मोबाइलवर घेतलं. सीडीवर चरे पडले होते, दुकानदारानं दोनदा पुसून पाहिली. मधलं एक गाणं लावून बघितलं, नीट वाजलं. त्यापुढं मी ऐकलं नाही. पहिल्यांदा ऐकायचा हक्क माझा नव्हता.

पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच्या घरी गेले. फोन काढायच्या आधी सुनीतावहिनींना सगळं सांगितलं. अर्ज, मनाई, सीडी कशासाठी काढली होती ते, पाकिटावर काय लिहिलं होतं तेही. बसस्थानकावर चार वर्षांत जे जमलं नव्हतं ते त्यांच्यासमोर एका दमात बोलून टाकलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"कॉलेजात कुणीतरी अर्ज केला व्हता, हे त्यांनी सांगितलं व्हतं मला," त्या म्हणाल्या. "मी लई इचारलं कोण म्हणून. नाव न्हाई सांगितलं कधी. अन् तुमचं नाव तर रोज असायचं घरात, वैशाली असं म्हणायची, वैशाली तसं म्हणायची..." त्यांनी डोळे पुसले. "हे दोन्ही एकच, हे आज कळलं."

मी माफी मागितली. ज्याची मागायची तो नव्हता, म्हणून वहिनींची मागितली. त्या उठून आत गेल्या, मावशींना धरून बाहेर घेऊन आल्या आणि चटईवर माझ्याजवळ बसवलं. "लावा ताई आता," म्हणाल्या.

फोन मध्ये ठेवून लावावा, सगळ्यांनी ऐकावा, असा माझा विचार होता. पण मावशी म्हणाल्या, "तसं न्हाई कळायचं मला. कानाला दे." मी सुरू करून फोन त्यांच्या हातात दिला. लेकाचा फोन आल्यावर धरत असतील तसाच त्यांनी तो धरला, डोक्यावरचा पदर मागं सारून, दोन्ही हातांनी. आवाज पूर्ण मोठा केलेला, त्यामुळं शेजारी आम्हालाही ऐकू येत होता. आधी नुसती खरखर. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. ही सुरुवात मी त्या दुपारी ऐकली नव्हती. फाटकाशी पोचायच्या आधीच ती होऊन गेली होती. त्या रिकाम्या खोलीत वीस-बावीस वर्षांचा बालाजी पहिल्यांदाच माईकसमोर बसला होता आणि आवाज जातोय की नाही ते बघत होता.

"हां... ऐकू येऊन राहिलं का?"

मावशींनी डोळे मिटले.

"हाव, येऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "बोल."